हृदय थांबवलं तरी माणूस जगतो कसा? डॉ. लिलेहाय यांच्या कारकिर्दीतून ओपन हार्ट शस्त्रक्रिया

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत किंवा शाळेत येतं, एखाद्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ ठेवतं, आणि पुढे टूडी इको झाल्यावर घरच्यांना कळतं की पोराच्या हृदयाला छिद्र आहे. हे दुर्मीळ नाही. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी साधारण ८ ते १० जणांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. ऑपरेशनची तारीख ठरते, संमतिपत्र पुढ्यात येतं. हृदय काही काळ थांबवून रक्ताभिसरण मशीनवर घेतलं जाईल, हे वाक्य वाचताना मात्र सहीसाठी उचललेला हात थबकतो. हृदयच थांबलं तर मूल जिवंत कसं राहणार?

हा प्रश्न १९५० च्या सुमाराला जगातल्या बहुतेक सर्जननाही पडलेला होता. त्याचं चालणारं उत्तर ज्यांनी शोधलं त्यांत अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. क्लॅरेन्स वॉल्टन लिलेहाय (१९१८–१९९९) यांचं नाव फार वरचं आहे. त्यांच्या कारकिर्दीतल्या अडचणी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने पाहिल्या, तर आजच्या ऑपरेशन थिएटरमधली जवळपास प्रत्येक नळी आणि तार का असते ते उलगडतं.

## छिद्र असलं तर बिघडतं काय?

हृदयाचे कप्पे चार, वर दोन आणि खाली दोन. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू सगळ्या शरीराला. शरीर मोठं, अंतर लांब, म्हणून खालच्या डाव्या कप्प्यातला दाब उजव्याच्या चार-पाच पट असतो. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर त्याला व्हीएसडी म्हणतात, वरच्या दोघांमध्ये असेल तर एएसडी.

व्हीएसडीत प्रत्येक ठोक्याला शुद्ध रक्ताचा काही भाग शरीराकडे न जाता पुन्हा फुप्फुसांत घुसतो. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसं रक्ताने तुंबतात. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, मध्येच थांबून धापा टाकतं, वजन धरत नाही, वरचेवर न्यूमोनिया होतो. वर्षानुवर्षं असंच चाललं तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठ होतात. त्यानंतर छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं, कारण उजव्या कप्प्याला दाब सोडायला तेवढी एकच वाट उरलेली असते.

## अडचण टाक्याची नव्हती, मिनिटांची होती

छिद्राला टाके घालणं किंवा त्यावर कापडाचा तुकडा शिवणं हे १९५० मध्येही सर्जनच्या हाताबाहेरचं काम नव्हतं. पण त्यासाठी हृदय उघडून आत बघायला हवं, आणि आत रक्त वाहत असताना काहीही दिसत नाही. सोसायटीच्या पाण्याची मोटर दुरुस्त करायची तर आपण ती बंद करतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी असतं, तास-दोन तास कुणाचं अडत नाही. मेंदूला अशी टाकी नाही. नेहमीच्या तापमानाला रक्त बंद झालं की सुमारे चार मिनिटांनंतर त्याची कायमची हानी सुरू होते. व्हीएसडी बुजवायला मात्र निवांत दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत.

पहिला उपाय होता शरीर थंड करण्याचा. थंड शरीराला प्राणवायू कमी लागतो. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटातच डॉ. जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीचं शरीर २८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलं, हृदयात येणारं रक्त साडेपाच मिनिटं अडवलं आणि तेवढ्या वेळात तिचा एएसडी शिवला. मदतीला लिलेहाय उभे होते. मुलगी वाचली. पण ही युक्ती फार तर दहा मिनिटं देते. वरच्या कप्प्यातल्या साध्या छिद्राला ती पुरली, खालच्या छिद्राला पुरणारी नव्हती.

दुसरा उपाय यंत्राचा. फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी सुमारे दोन दशकं खपून हृदय आणि फुप्फुस दोघांचंही काम करणारं यंत्र तयार केलं, आणि ६ मे १९५३ रोजी त्यावर २६ मिनिटं ठेवून १८ वर्षांच्या मुलीचा एएसडी बंद केला. तीही वाचली. पुढचे रुग्ण मात्र दगावले आणि गिबन यांनी हे काम थांबवलं. इतर ठिकाणचे यंत्राचे प्रयोगही एकामागून एक फसत होते. आजारी हृदयाला उघडण्याचा धक्काच सोसत नाही, असं सर्जन मंडळींत बोललं जाऊ लागलं.

## रक्त नेमकं किती लागतं?

लिलेहाय यांना हे पटलं नाही. हृदयापेक्षा त्यांचा संशय यंत्रांवर होता. मोठ्या प्रवाहाने रक्त पंप करायचं म्हणजे अवाढव्य यंत्र, ते भरायला लिटरच्या लिटर परकं रक्त, रक्तपेशींची मोडतोड आणि कुठेतरी हवा शिरण्याची भीती. तेव्हा आधी हे बघायला हवं होतं की एवढा प्रवाह खरंच लागतो का.

इथे एका शिरेने वाट दाखवली. छातीच्या भिंतीतलं रक्त गोळा करून हृदयाजवळच्या वरच्या महाशिरेत आणून सोडणारी एक बारकी शीर असते, अॅझिगस. शरीराचं रक्त हृदयात आणणाऱ्या दोन्ही महाशिरा बांधून फक्त या एका शिरेचं रक्त हृदयात येऊ दिलं, तरी कुत्री अर्धा तास आणि वर काही मिनिटं धडधाकट राहतात, असं इंग्लंडमधल्या अँड्रियासेन आणि वॉटसन यांना १९५२ मध्ये दिसलं होतं. मिनेसोटात लिलेहाय यांचे सहकारी मॉर्ली कोहेन यांनीही तेच पाहिलं, आणि त्या शिरेतून किती रक्त येतं ते मोजलं. मिनिटाला किलोमागे १० मिलिलिटरच्या आसपास भरलं, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या जेमतेम दशांश.

लिलेहाय यांच्या पुढच्या सगळ्या धाडसाचा पाया हे मोजमाप आहे. त्यांना बेधडक म्हणणारे पुष्कळ होते, आणि ते होतेही तसे. पण धडक मारण्यापूर्वी त्यांनी आकडा काढून ठेवला होता. खबरदारी म्हणून त्यांनी दशांशावर विसंबून न राहता किलोमागे २५ ते ३० मिलिलिटर हा प्रवाह ठरवला. दहा किलोच्या बाळासाठी हे झालं मिनिटाला २५० ते ३०० मिलिलिटर. विश्रांती घेणाऱ्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकतं. त्यातून पाव लिटर दुसऱ्याला दिलं तर त्याला ते जाणवणारही नाही.

## बापाचं फुप्फुस, बाळाचं हृदय

म्हणून यंत्राच्या जागी माणूस आला. गर्भातल्या बाळाचं रक्त आईच्या जिवावर शुद्ध होतं, तसंच टेबलावरच्या बाळाचं बापाच्या किंवा आईच्या फुप्फुसांतून करून घ्यायचं. या पद्धतीला क्रॉस सर्क्युलेशन म्हणतात.

मांडणी अशी असे. दोन टेबलं शेजारी शेजारी, दोघांनाही भूल, रक्तगट जुळलेला. रक्त नळ्यांत गोठू नये म्हणून दोघांनाही हेपरिन. दात्याच्या जांघेतल्या धमनीतून निघालेलं लाल रक्त पंपामार्फत बाळाच्या महाधमनीत. बाळाच्या महाशिरांतलं काळपट रक्त त्याच पंपामार्फत दात्याच्या जांघेतल्या शिरेत. पंप एकच, कारण जाणारं आणि येणारं रक्त थेंबाथेंबाने सारखं राहायला हवं. फरक पडला तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात साठत जाणार. हा पंप वैद्यकीय नव्हताच. सिग्मामोटर कंपनीचा, दूध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत वापरला जाणारा तो पंप होता. त्यातल्या धातूच्या बोटांची रांग नळी बाहेरून दाबत पुढे सरकते, म्हणून रक्ताचा पंपाशी स्पर्शच होत नाही.

माणूस यंत्रापेक्षा सरस ठरला तो आणखी एका कारणाने. दात्याचं शरीर नुसता प्राणवायू देत नव्हतं. बाळाच्या रक्तातली आम्लता, साखर, क्षार, तापमान हे सगळं त्याची फुप्फुसं, यकृत आणि मूत्रपिंडं परस्पर सांभाळत होती. तेव्हाच्या कुठल्याच यंत्राला हे जमत नव्हतं, आणि कमी प्रवाह पुरला तो यामुळेही.

२६ मार्च १९५४ रोजी वर्षभराच्या एका बाळाचा व्हीएसडी अशा रीतीने बंद झाला. दाता बाळाचे वडील. या वेळी हृदय थांबवलेलं नव्हतं, फक्त रिकामं केलं होतं. ते धडधडत असताना आतून टाके घातले गेले. शस्त्रक्रिया निभावली, पण अकराव्या दिवशी बाळ न्यूमोनियाने गेलं. शवविच्छेदनात छिद्र पक्कं बंद झालेलं आढळलं. त्यानंतरची मुलं घरी जाऊ लागली. ऑगस्ट १९५४ मध्ये फॅलोज टेट्रालॉजी, म्हणजे मूल निळं पडणारा चार दोषांचा गुंता, पहिल्यांदाच पूर्ण दुरुस्त झाला.

## पण एका ऑपरेशनमध्ये दोन जीव धोक्यात घालायचे?

हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. दोनशे टक्के मृत्युदर असू शकणारी जगातली एकमेव शस्त्रक्रिया, असं टीकाकार म्हणत. ती नुसती कोटी नव्हती. धडधाकट माणसाला, त्याच्या स्वतःच्या काहीही फायद्याचं नसताना, टेबलावर झोपवलं जात होतं.

हिशेब असा आहे. जुलै १९५५ पर्यंत ४५ रुग्णांवर क्रॉस सर्क्युलेशन झालं, त्यांतले २८ बरे होऊन घरी गेले. तीस वर्षांनंतरही त्यांतले २२ जिवंत होते. दाता एकही दगावला नाही. पण एका आईच्या शिरेत सलाइनवाटे हवा शिरली आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. दात्यांना काहीच झालं नाही असं सरसकट सांगितलं जातं, ते म्हणूनच खरं नाही. दुसऱ्या बाजूला, या मुलांसमोर तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. मोठ्या व्हीएसडीची बाळं डोळ्यांदेखत जात होती. या पद्धतीचं समर्थन करता येतं ते ती सव्वा वर्षात सोडून दिली गेली म्हणून. माणसाला दाता न ठेवता काम होतंय असं दिसताच लिलेहाय यांनी ती बंद केली.

## बुडबुडे सोडायचे आणि मग काढायचे

रक्तात प्राणवायू मिसळायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यात बुडबुडे सोडणं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी ते मोडीत काढलं होतं, कारण एक बुडबुडा जरी मेंदूच्या धमनीत अडकला तरी पक्षाघात. लिलेहाय यांच्या प्रयोगशाळेतल्या रिचर्ड डीवॉल यांनी १९५५ मध्ये यातून वाट काढली.

उभ्या प्लॅस्टिकच्या नळीत खालून काळपट रक्त आणि प्राणवायू एकत्र चढतात. बुडबुडे बारीक असतील तर प्राणवायू चांगला मिसळतो, पण ते निघता निघत नाहीत, म्हणून आकार मुद्दाम मोठा ठेवलेला. वर पोचल्यावर फेस सिलिकॉनच्या फेसनाशकावरून जातो आणि फुटतो. उरलेसुरले बुडबुडे काढायला पुढे नळीची लांबलचक गुंडाळी. बुडबुडेविरहित रक्त जड, ते खाली उतरतं. फेसाळ रक्त हलकं, ते मागे वर राहतं. गुंडाळीच्या तळातून निघणारं रक्त पंपात. हलणारा भाग एकही नाही, किंमत किरकोळ, ऑपरेशन झालं की फेकून द्यायचं. १३ मे १९५५ रोजी ते पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. जॉन कर्कलिन यांनी गिबन यांचं यंत्र सुधारून वापरायला घेतलं होतं. ते यंत्र महागडं आणि गुंतागुंतीचं. अचूकतेत कर्कलिन यांची बाजू वरचढ होती हे मान्य करावं लागतं, पण जगभरच्या रुग्णालयांना परवडलं ते डीवॉल यांचं नळकांडं. बुडबुड्यांच्या ऑक्सिजनेटरने पुढे दोन-तीन दशकं राज्य केलं.

## छिद्र बुजलं, पण ठोके पडेनात

व्हीएसडीच्या काठाला अगदी लागून हृदयाची विजेची तार जाते. वरच्या कप्प्यांतला ठोक्याचा संदेश खालच्या कप्प्यांना याच तंतूंतून मिळतो. टाका त्यात गेला की संदेश तुटतो, याला हार्ट ब्लॉक म्हणतात. मग खालचे कप्पे आपल्याच मंद गतीने चालतात, बाळाला ती पुरत नाही. सुरुवातीच्या काळात साधारण दहापैकी एका मुलाला असं होई, आणि होई ते मूल सहसा जगत नसे.

बोस्टनच्या पॉल झोल यांचं छातीवर बाहेरून झटके देणारं यंत्र होतं, पण त्वचा ओलांडायला मोठा दाब लागे, कातडी भाजे आणि मूल कळवळे. जानेवारी १९५७ मध्ये लिलेहाय यांनी एक बारीक तार थेट हृदयाच्या स्नायूत टाचली आणि तिचं दुसरं टोक छातीबाहेर काढलं. आता काही व्होल्ट पुरले. अडचण अशी की यंत्र भिंतीतल्या प्लगवर चालायचं. मूल वायरीच्या लांबीपलीकडे जाऊ शकत नसे, आणि ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली तेव्हा खरा धोका उघडा पडला.

लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकेन यांना विचारलं, बॅटरीवर काही करता येईल का? बॅकेन यांची मेडट्रॉनिक ही छोटी कंपनी तेव्हा मिनियापोलिसमध्ये एका गॅरेजात चालत होती. संगीताच्या तालाला टिकटिक करणाऱ्या मेट्रोनोमचं ट्रान्झिस्टर सर्किट एका मासिकात छापून आलं होतं. त्यात फेरफार करून बॅकेन यांनी चार आठवड्यांत हातात मावणारा डबा आणून दिला. तो प्राण्यांवर तपासायला म्हणून नेला होता. दुसऱ्या दिवशी बॅकेन येऊन पाहतात तर तो एका मुलाला जोडलेला. आज कुठल्याही नीतिमत्ता समितीने हे चालवून घेतलं नसतं.

## पुढची कारकीर्द

हे सगळं करणाऱ्या माणसाला १९५० मध्येच कानाजवळच्या लाळग्रंथीचा कर्करोग झाला होता. मान आणि छातीपर्यंत पोचणारी मोठी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झाल्यावरच त्यांनी वरचं सगळं काम केलं. हाताखाली शिकून गेलेल्यांत पुढे हृदय प्रत्यारोपणात नाव काढलेले नॉर्मन शमवे आणि ख्रिस्तियान बर्नार्ड होते. बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं. तो रुग्ण काही तासच जगला. भगवंत कालके या भारतीय सर्जनबरोबर लिलेहाय यांनी दोन पाकळ्यांची कृत्रिम झडपही घडवली. ती तेव्हा चालली नाही, पण दोन पाकळ्यांची कल्पना १९७७ पासून सेंट ज्यूड झडपेत जगभर रुजली.

पुढे लिलेहाय मिनेसोटा सोडून न्यूयॉर्कला गेले, पण तिथला काळ त्यांना मानवला नाही. १९७३ मध्ये प्राप्तिकर चुकवल्याबद्दल दोषी ठरून ५०,००० डॉलरचा दंड झाला, आणि त्याच सुमारास त्यांचं शस्त्रक्रिया करणंही थांबलं.

## आज मशीनवर घेतात म्हणजे काय करतात?

छातीचं मधलं हाड कापून हृदय उघडं केल्यावर किलोमागे ३०० ते ४०० युनिट हेपरिन देतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात, आणि हा आकडा साधारण ४८० च्या वर गेल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. मग महाधमनीत एक नळी आणि महाशिरांत किंवा उजव्या वरच्या कप्प्यात दुसरी. शिरांतलं रक्त उताराने टाकीत येतं. तिथून पंप, मग केसासारख्या बारीक पोकळ धाग्यांचा ऑक्सिजनेटर. यात रक्त आणि वायू यांच्यामध्ये पडदा असतो, बुडबुडे सोडावेच लागत नाहीत. जोडीला रक्त गार-गरम करणारा भाग आणि शेवटी बारीक गाळणी. मोठ्या माणसासाठी प्रवाह मिनिटाला चार-पाच लिटर. लिलेहाय यांचा काटकसरीचा प्रवाह आता लागत नाही. हे सगळं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला परफ्यूजनिस्ट म्हणतात, त्याची नजर टाकीतल्या पातळीवरून हलत नाही. टाकी कोरडी पडली तर पंप हवा ढकलेल.

इथपर्यंत हृदय धडधडतंच आहे. ते थांबवणं ही वेगळी पायरी. महाधमनीला चिमटा लावून हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत पोटॅशियमचं थंड द्रावण सोडतात. स्नायू सैल अवस्थेत थांबतो आणि त्याची भूक खूप कमी होते. द्रावणाच्या प्रकारानुसार १५-२० मिनिटांनी किंवा तासा-दीड तासाने पुन्हा मात्रा देतात. म्हणजे संमतिपत्रातलं थांबवणं हे फक्त हृदयाचं. मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त मिळतच असतं.

दुरुस्ती झाली की हृदयातली हवा काढतात, चिमटा सोडतात, पोटॅशियम धुऊन निघतं आणि ठोके बहुधा आपोआप सुरू होतात. नाहीच झाले तर हृदयावरच हलका शॉक. मग मशीनचा प्रवाह हळूहळू कमी करतात, आणि हेपरिनचा उतारा म्हणून प्रोटामिन. टाके घालण्यापूर्वी हृदयावर टाचलेल्या दोन बारीक तारा पोटाच्या वरच्या भागातून बाहेर काढतात. या १९५७ च्याच तारा. ठोके मंदावले तर त्यांना पेसमेकर जोडतात, नाहीतर काही दिवसांनी हलकेच ओढून काढतात.

धोके संपलेले नाहीत. जुन्या चरबीचा किंवा हवेचा कण मेंदूकडे जाऊ शकतो, रक्तस्राव होतो, नळ्यांच्या परक्या पृष्ठभागामुळे सगळ्या अंगात दाह उठतो, मूत्रपिंडं काही दिवस रुसतात. मशीनवरचा वेळ जितका लांबतो तितके हे धोके वाढतात.

## छत्रीने बंद होत असेल तर छाती का उघडायची?

जांघेतल्या शिरेतून नळी घालून छिद्रावर छत्रीसारखं उपकरण बसवता येतं, आणि योग्य जागेच्या एएसडीसाठी आज बहुधा तोच पहिला पर्याय असतो. अट ही की छिद्राभोवती पकड घेता येईल एवढी कड हवी. व्हीएसडीत निवड जास्त नाजूक असते. झडपेला खेटून असलेल्या छिद्रात छत्री झडपेला घासू शकते किंवा शेजारच्या विजेच्या तंतूंवर दाब आणून हार्ट ब्लॉक करू शकते, कधीकधी काही महिन्यांनीही. शिवाय चार-पाच किलोच्या बाळाच्या रक्तवाहिनीत ती नळीच मावत नाही. अशा बाळांना मशीनचाच रस्ता.

आणि काही छिद्रांना दोन्हींची गरज नसते. स्नायूतली लहान छिद्रं पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजतात. म्हणून डॉक्टर थांबा म्हणाले तर ती टाळाटाळ नसते. मात्र पुढच्या इकोची तारीख चुकवू नये, कारण फुप्फुसातला दाब वाढायला लागला आहे का हे बाहेरून कळत नाही. उलट तो वाढला की छिद्रातून वाहणारं रक्त कमी होतं, मूल वरवर सुधारल्यासारखं दिसतं, आणि घरचे नेमके तेव्हाच तपासणी सोडतात.